भावाने लिहून ठेवलेले नंबर

आमच्या घरात इंटरनेट आलं ते माझ्या भावामुळे आणि बंद पडलं ते माझ्यामुळे, असं बाबा पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. यातलं पहिलं खरं होतं. दुसऱ्याबद्दल मी तेव्हाही भांडले होते आणि आजही भांडायला तयार आहे.

दोन हजार सातच्या आसपासची गोष्ट. घर रत्नागिरीत, मांडवीला, समुद्राच्या इतक्या जवळ की कॉम्प्युटरच्या पाठीमागचे स्क्रूसुद्धा वर्षभरात तांबूस व्हायचे. घरात आई, बाबा आणि मी. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा असलेला भाऊ बोटीवर. आमच्याकडे कोणी मर्चंट नेव्ही वगैरे म्हणत नाही, 'बोटीवर असतो' म्हटलं की समोरच्याला सगळं कळतं. बाबा भूमापन कार्यालयातून निवृत्त झालेले. उभा जन्म लोकांच्या जमिनी मोजण्यात आणि बांधावरची भांडणं ऐकण्यात गेलेला. मी घरी बसून लग्नपत्रिका आणि आंब्याच्या पेट्यांची लेबलं तयार करायची आणि बाजारातल्या छापखान्यात नेऊन द्यायची.

आईचं माहेर दर्यावर्दी माणसांचं. तिचे वडील गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे मुकादम होते. माहेरून तिने भांडीकुंडी आणली असतील तेवढी असतील, पण एक नियम मात्र घट्ट बांधून आणला होता. माणूस बोटीवर गेला, की जाताना त्याने जे जसं ठेवलं ते तो परत येईपर्यंत तसंच राहू द्यायचं. मोडायचं नाही, हलवायचं नाही. भावाचा निळा टॉवेल म्हणून दांडीवर तसाच असायचा. आई तो धुवायची आणि परत त्याच जागी, त्याच घडीवर टाकायची. त्याच्या चपला दाराकडे तोंड करून. साबणाची उरलेली वडी डबीत. त्याच्या खोलीतल्या कॅलेंडरचं पानसुद्धा तो गेला त्या महिन्यावर थांबलेलं. बाबा म्हणायचे, "त्याच्या खोलीत अजून मार्चच चाललाय. शिमगा व्हायचाय त्याचा." आई हसायची नाही.

मीही हसायची नाही, पण माझं कारण वेगळं होतं. मधे एकदा मी सहा महिन्यांच्या कोर्ससाठी मुंबईला मावशीकडे राहिले होते. गणपतीला घरी आले तर माझा टॉवेल फडताळात घडी करून ठेवलेला आणि माझ्या खाटेवर पापडांची ताटं. मी काही बोलले नाही, पण तोंडावर दिसलं असावं. आई म्हणाली, "तू काय बोटीवर गेली होतीस काय गो?" तिच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. मुंबईला जाणं म्हणजे जाणं नव्हे. पण माझ्या मनात ते पापडांचं ताट राहिलं ते राहिलंच.

भावाने त्या मार्चमध्ये निघण्याआधी टेलिफोनच्या लाइनीवर ब्रॉडबँड घेतलं होतं. माजघरात त्याचा कॉम्प्युटर, त्याच्यावर छोटा गोल कॅमेरा, शेजारी मोडेमची लुकलुकणारी डबी. बंदरात गेला की खलाशांच्या क्लबात कॉम्प्युटर असतात, तिथून तो आम्हाला दिसायचा. एप्रिलमध्ये एकदा आणि जूनमध्ये एकदा दिसला. दोन्ही वेळा आईने नवीन लुगडं नेसलं होतं आणि दोन्ही वेळा "जेवलास?" याशिवाय तिला काही सुचलं नव्हतं.

ऑक्टोबरात मी माझ्या कामासाठी वेगळा कॉम्प्युटर घेतला. तो पडवीत मांडला आणि मोडेमपासून एक वायर खिडकीतून ओढून त्याला जोडली. वायर मी स्वतः ओढली आणि दोन दिवस त्याचा मला अभिमान होता. तिसऱ्या दिवशी बाबा वर्तमानपत्र वाचायला म्हणून माजघरातल्या कॉम्प्युटरवर बसले आणि ओरडले, "अगो, याला काय झालंय बघ. इंग्रजीत काहीतरी पिवळं आलंय."

खालच्या कोपऱ्यात पिवळी पाटी आली होती. दुसऱ्या कॉम्प्युटरशी पत्त्याचा तंटा आहे, असा तिचा अर्थ. पडवीत माझ्याही पडद्यावर तीच पाटी. आणि माजघरातलं इंटरनेट ठार बंद.

एका मोडेमला जोडलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरला त्या घरापुरता एक पत्ता लागतो. टिंबं देऊन लिहिलेले चार आकडे. एका घरात दोघांचा पत्ता एकच असून चालत नाही. हे मला तेव्हा अर्धवट माहीत होतं. बाबांना मी सांगितलं तेव्हा ते खुर्चीत सरसावून बसले. "म्हणजे एका सर्व्हे नंबरावर दोन सातबारे!" तोपर्यंत त्यांना त्या यंत्राबद्दल कधी आपुलकी वाटली नव्हती. "मग मोजणी लाव."

मी त्या दिवशी हसून सोडून दिलं. कामाची घाई होती, तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांच्या पत्रिका पडल्या होत्या, आणि माझं इंटरनेट तर चालू होतं.

मग सोमवारी सकाळी फोन आला. भावाचा, कुठल्यातरी बंदरावरून, दोन मिनिटांचा. बोट धक्क्याला बांधताना दोर हातावर आला होता. उजव्या हातावर. "काही नाही, दोन-चार टाके आहेत," तो म्हणाला. आईने फोन घेतला, ऐकलं, "बरं, बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. स्वयंपाकघरात गेली, पाच मिनिटांनी परत आली.

"काही नाही म्हणाला."

"मग नाहीच असेल," बाबा म्हणाले.

"फोनवर हात दिसतो काय?" आई म्हणाली.

तिच्या एका मामाला असाच दोर लागला होता. त्यानेही कागद पाठवला होता की काही नाही. घरी आला तेव्हा हात कोपरापर्यंतच होता. ही गोष्ट तिने आम्हाला लहानपणी कितीदा सांगितली होती, त्या दिवशी मात्र ती नुसती उभी राहिली आणि बाबांना नि मला, दोघांनाही ती गोष्ट आठवली.

रविवारी बोट पुढच्या बंदराला लागणार होती. तिथे क्लबात कॉम्प्युटर होते. आपल्या दुपारी चार वाजता येतो, असं भावाने सांगितलं होतं. म्हणजे माझ्याजवळ सहा दिवस होते. कॅमेरा माजघरातल्या कॉम्प्युटरला होता. माझ्या नव्या कॉम्प्युटरला तो काही केल्या ओळखीचा होत नव्हता, त्याची सीडी भाऊ बोटीवर घेऊन गेला होता. त्यामुळे माजघरातलंच इंटरनेट चालू व्हायला हवं होतं.

माझी एक मैत्रीण मारुती मंदिराकडे कॉम्प्युटर क्लास चालवायची. तिला फोन केला. ती म्हणाली, "तुझ्या भावाने हाताने नंबर घालून ठेवलेला असणार. तो काढ आणि ऑटोमॅटिकवर टाक. मोडेम आपल्याआप प्रत्येकाला वेगळा नंबर वाटतो." मी उघडून बघितलं. खरंच, भावाने स्वतः नंबर घातला होता, शेवटचा आकडा दोन. आणि मोडेमने माझ्या कॉम्प्युटरला वाटून दिलेलाही दोनच. मी भावाचे आकडे पुसले, ऑटोमॅटिक केलं. पिवळी पाटी गेली. इंटरनेट सुरू झालं. आईला सांगितलं, "रविवारी दिसेल." ती म्हणाली, "कसं काय सुरू झालं?" मी म्हटलं, "नंबर बदलला." ती कोळंबी सोलत राहिली.

बुधवारी परत पिवळी पाटी. बघते तर भावाचेच आकडे जागच्या जागी, शेवटी दोन. मला वाटलं मीच नीट जतन केलं नसेल. परत पुसले.

गुरुवारी परत तेच.

आता मला राग पटकन येतो हे मी लपवत नाही. आणि घरात त्या यंत्राला हात लावणारं दुसरं माणूस एकच होतं. बाबा पडवीत पेपर वाचत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, तुम्ही त्या कॉम्प्युटरचे नंबर बदलता?"

"मी? मी कशाला बदलू?"

"मोजणी लावत असाल."

"अगो, मला ते उघडतात कुठून तेसुद्धा माहीत नाय."

"मग काय भुताने येऊन घातले? रविवारी तो दिसला नाही तर आईला तुम्हीच सांगा."

हे शेवटचं मी बोलायला नको होतं. बाबांनी पेपराची घडी केली. नोकरीत असताना लोकांनी त्यांच्यावर काय काय आरोप केले असतील, बांध सरकवला म्हणून, हद्दीचा दगड हलवला म्हणून. त्यांनी कधी कोणाचा दगड हलवला नव्हता. ते उठून आत गेले आणि त्या दिवशीचा चारचा चहा त्यांनी घेतला नाही. शुक्रवारी सकाळच्या एसटीने ते राजापूरला आत्याकडे निघून गेले. आधीच ठरलेलं होतं, पण मला वाटत राहिलं की माझ्यावर रागावूनच गेले.

ते गेल्यावर मी आकडे पुसले. आता बघू म्हटलं.

शनिवारी सकाळी कॉम्प्युटर लावला. पिवळी पाटी. आकडे जागच्या जागी.

बाबा राजापुरात होते. मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. राग कुणावर काढायचा तेच कळेना, आणि बाबांचा तो घडी केलेला पेपर डोळ्यांपुढून हलेना. परत आकडे पुसले आणि पत्रिकांचे नमुने घेऊन छापखान्याला निघाले. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की एक नमुना घरी राहिला. मागे फिरले.

माजघराच्या दारातच मी थांबले. आई कॉम्प्युटरसमोर बसली होती. चष्मा नाकावर खाली ओढलेला, मांडीवर लांबट वही. उजव्या हातात माउस, आणि तो हलू नये म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट धरलेलं. वहीत बघायची, बोटाने ओळ धरायची, मग पडद्याकडे बघायची. माझ्या आईने तोपर्यंत टीव्हीचं बटणसुद्धा दुसऱ्याला सांगून दाबवलं होतं. ती एकेक खिडकी उघडत बरोबर त्या ठिकाणी पोचली जिथे पोचायला मला मैत्रिणीला फोन करावा लागला होता. मग एका बोटाने आकडे दाबले. प्रत्येक आकड्यानंतर वहीत बघून.

झाल्यावर तिने पदराने पडदा पुसला आणि म्हणाली, "हां. तुझं तसंच आहे हो बाबा."

ती भावाशी बोलत होती.

मी पुढे गेले तेव्हा दचकली. वही पदराखाली घ्यायला गेली, मग तिला वाटलं असेल आता काय उपयोग, आणि ती तिने मला दिली. भावाचं मोठं, टपोरं अक्षर. 'एक. पडद्याच्या खाली डाव्या कोपऱ्यात हिरवं बटण. त्याच्यावर बाण नेऊन एकदा दाबायचं.' अशा अकरा ओळी. शेवटी ते आकडे, चौकटीत, आणि त्याखाली : 'आई, नेट बंद पडलं तर हेच नंबर आहेत ना बघ. नसले तर घाल. आपल्या घरात एक बाई आहे जिच्या हाताला चैन नसतं.'

ती बाई मी.

"दोन दुपारी बसून शिकवलंन मला जायच्या आधी," आई म्हणाली. "मी रोज बघते. तू छापखान्यात गेलीस नि हे मासळी आणायला गेले की बघते. इतके दिवस बरोबर होते. आता तूच सारखी बदलतेस. तो येईपर्यंत नाय बदलायचं गो बाय. त्याने घातलेलं आहे. आणि त्याच्यात त्याला लागलंय. आता तर अजिबातच नाय."

माझ्या तोंडात शब्द आला होता. अगं, तुझ्यामुळेच तर तो दिसत नाहीये. तू घालतेस म्हणूनच बंद पडतंय. अगदी ओठावर होतं. मी तिच्या हाताकडे बघितलं. मनगटावर धरून धरून लाल वळ उठला होता. मार्चपासून ती रोज हे करत होती. सोमवारचा फोन आल्यापासून तर तिला एवढंच करता येण्यासारखं होतं. आणि मी तिला सांगणार होते की तेच चुकलं.

"बरोबर घातलेस," मी म्हटलं.

"बरोबर आहे ना?"

"अगदी बरोबर."

मग मी पडवीत आले. एका नंबरावर दोघं बसत नसतील तर एकाने उठायचं, आणि तो उठणारा भावाचाच कॉम्प्युटर का असायला हवा, हे मी आठवडाभर स्वतःला विचारलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मुद्दाम विचारलं नव्हतं. टॉवेल त्याचा, चपला त्याच्या, कॅलेंडर त्याचं. निदान कॉम्प्युटरच्या नंबरात तरी मी का सरकू, असं काहीतरी मनात होतं. इतकं लहान आणि इतकं हट्टी की कोणाला सांगायची लाज वाटावी. मी माझ्या कॉम्प्युटरचं ऑटोमॅटिक काढलं आणि हाताने नंबर घातला. शेवटचा आकडा सात. का सात, त्याला काही कारण नाही. माजघरात जाऊन बघितलं, पाटी गेलेली. काम दोन मिनिटांचं होतं.

संध्याकाळी बाबा आले. मी एसटी स्टँडवर त्यांना आणायला गेले होते. त्यांनी मला बघून पिशवी पुढे केली, आत्याने दिलेले काजू होते. रिक्षात मी म्हटलं, "बाबा, नंबर तुम्ही बदलत नव्हतात. माझं चुकलं." त्यांनी विचारलं, "मग कोण?" मी सांगितलं. ते माझ्याकडे वळून बसले. मग म्हणाले, "तिला आकडे घालता येतात?" त्यांच्या आवाजात एवढं नवल होतं की मला हसू आलं. "सांगितलंस काय तिला?" "नाही." "नको सांगू," ते म्हणाले. घरी गेल्यावर त्यांनी स्वतः चहा मागितला.

रविवारी आई तीनलाच नवीन लुगडं नेसून बसली. चार वाजले, सव्वाचार झाले. मी तीनदा मोडेमचे दिवे बघून आले. चार पंचवीसला टिंग वाजलं आणि चित्र आलं, आधी कपाळ, मग अडखळत खाली खाली सगळा चेहरा. वाळला होता. दाढी वाढलेली.

आईने या वेळी जेवलास का विचारलं नाही. "हात," ती म्हणाली.

त्याने डावा दाखवला.

"तो नव्हे."

त्याने उजवा वर केला. पांढरं बँडेज, पण हात होता. मनगट होतं, तळवा होता, पाचही बोटं बाहेर दिसत होती. आई पडद्याच्या इतकी जवळ गेली की त्याला तिचा फक्त डोळा दिसत असणार. "वळव," ती म्हणाली. त्याने एकेक बोट वळवलं. मधलं वळलं नाही. "हे अजून नाही वळत," तो म्हणाला, "वळेल. डॉक्टर म्हणाले वळेल." आई बघत राहिली. तिला खोटं कळतं, आम्हा दोघांनाही ते लहानपणापासून माहीत आहे. मग ती हळूच मागे टेकली.

"जेवतोस कसा?"

"डाव्या हाताने, चमच्याने."

"बरं," आई म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. मला रडू फुटलं. बाबा उगाच मोडेमची वायर बघायला वाकले. आई मात्र रडली नाही.

"आणि तुझे नंबर तसेच ठेवलेत हो," ती त्याला म्हणाली. "ही सारखी बदलत होती. मी परत घालत होते."

भावाने माझ्याकडे बघितलं. माझ्या मागे, पडवीच्या दारातून, त्याला माझा नवा कॉम्प्युटर दिसत असावा. त्याला कळायला क्षणभर लागला असेल. मी डोळ्यांनीच नको म्हटलं.

"तू कुठला घेतलास?" त्याने मला विचारलं.

"सात."

"चांगला आहे," तो म्हणाला आणि हसला. आईशी बोलणं पुढे वीस मिनिटं चाललं.

बोलणं संपल्यावर बाबा फिरायला बाहेर पडले. मी कॅमेरा पुसत होते. आई तिथेच बसून होती. तिने वही उघडली, भावाची अकरा ओळींची पानं उलटली आणि पुढचं कोरं पान माझ्यासमोर धरलं.

"सात काय म्हणालीस तू त्याला?"

"माझ्या कॉम्प्युटरचा नंबर. शेवटचा आकडा."

"तो तू स्वतः घातलास?"

"हो."

"मग लिहून दे," आई म्हणाली. "सगळं लिही, कुठलं बटण, कुठे दाबायचं. तू परत मुंबईला जाशील, लग्न होऊन जाशील. तुझंपण कोणी हलवायला नको."

मी पेन घेतलं. तिने पान हाताने सपाट करून धरलं आणि म्हणाली, "मोठं लिही, त्याच्यासारखं." मी सुरुवात केली, एक, पडद्याच्या खाली डाव्या कोपऱ्यात हिरवं बटण.